मोबाईलचे चौदा, सुतळीचे नऊ

बुधवार, मांजर्ली

माझी पिशवी उघडल्याबरोबर वैशालीने कपाळाला हात लावला. आत दोन साड्या, लसणाच्या चटणीची बरणी, आणि त्याखाली सुतळीचं बंडल, चार लोखंडी खुंट्या, तीस मीटरची टेप आणि वजनाचा एक ताणकाटा.

"मावशी, फिरायला आलीयेस की सर्व्हेला?"

वैशाली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहते आणि एका लहानशा संस्थेत काम करते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या शेतकऱ्यांना एक मोबाईल ॲप वापरायला शिकवायचं, हे तिचं काम. बांधावरून मोबाईल घेऊन शेताला फेरी मारायची, लावणी कधी केली ते सांगायचं, लोंब्या आल्या की पाच फोटो काढायचे. मग ॲप सांगतं, या शेतात इतके क्विंटल भात येणार. कापणीच्या महिनाभर आधी!

हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी कृषी खात्यातून निवृत्त झाले. लातूरकडच्या तालुक्यांत माझी सगळी नोकरी पीक कापणी प्रयोग करण्यात गेली. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. चिठ्ठी टाकल्यासारखं एखादं शेत निवडायचं, त्यात दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा चौकोन सुतळीने आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडायचं, तोलायचं आणि त्यावरून गावाचं उत्पन्न काढायचं. हे सगळं रणरणत्या उन्हात, शेतकऱ्यांचे टोमणे ऐकत. आणि आता म्हणे फोटो काढला की झालं! म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येते आणि त्या मोबाईलचं पितळ उघडं पाडते.

पहिला धक्का मात्र मोबाईलने दिला नाही, जिन्याने दिला. वैशालीचं घर पहिल्या मजल्यावर. जिना चढताना भिंतीवर माझ्या कपाळाच्या उंचीला एक मळकी रेघ दिसली. मी विचारलं, "ही कसली गं?"

"नदीची," ती म्हणाली. "उल्हास नदी येते ना वर. दर वेळी नाही, पण आली की आधी स्कूटी नेऊन उंचावर लावायची. बाकी टेन्शन नाही."

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, आणि इथे नदी जिना चढून भेटायला येते! वरून ही मुलगी तिच्याबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलते. मी त्या रेघेला हात लावून बघितला आणि वर गेले.

जेवताना तिने ठमीबद्दल सांगितलं. वांगणीच्या पुढे डोंगराला लागून एक ठाकरवाडी आहे, तिथली ही बाई. चौथीनंतर शाळा सुटली. आता चौतिसाव्या वर्षी, बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मार्चमध्ये दहावीला बसणार आहे. वाडीत ॲप सगळ्यांत आधी तीच शिकली.

"पण तिचं घर दर वर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातं," वैशाली म्हणाली. "पाऊस लागेपर्यंत तिकडेच. कारण भात पुरत नाही. पाच माणसं आहेत, रेशनचं धरूनसुद्धा वर्षाला बारा क्विंटल लागतं. यंदा ॲपने त्यांच्या एकरात चौदा सांगितलंय. म्हणून यंदा जायचं नाही असं ठरलंय. भट्टीवर गेली तर परीक्षा गेलीच समज. रविवारी मुकादम नावं लिहायला येणार आहे, त्याला ती सरळ नाही म्हणणार."

एका एकरात चौदा, तेही डोंगरउतारावर, हा आकडा मला खटकला. पण भातातलं मला काय कळतं? आमचा जन्म ज्वारी-सोयाबीनमध्ये गेलेला. मी ताटातला भात कालवला.

गुरुवार, उल्हासनगर

ठमीचा मोबाईल बांधावरून दगडावर पडून त्याची काच फुटली होती. तो दुरुस्तीसाठी वैशालीकडे आला होता, म्हणून सकाळी आम्ही कॅम्प दोनला गेलो.

तिथे गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दाल पकवान खाल्लं. कडक पुरीवर गरम डाळ, कांदा आणि चटणी. आमच्याकडे न्याहारीला चुरमुऱ्यांची सुशीला असते. सकाळी सकाळी तळलेलं खायचं म्हणून मी नाक मुरडलं आणि मग दुसरी प्लेट मागवली. गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानात शिरावं आणि शिरल्यावर काहीतरी घेऊनच बाहेर यावं. एका दुकानात जीन्स शिवतात, शेजारी पाट्या रंगवतात, त्याच्या शेजारी मोबाईल उघडून बसलेली माणसं. बाहेर फक्त बघायला थांबले तरी, "आओ मॅडम, अंदर आओ, देखने का पैसा नहीं."

आमचा दुकानदार पन्नाशीचा सिंधी गृहस्थ. डोळ्याला भिंग लावून त्याने काच बदलली, कॅमेरा चालतो का ते बघायला जुने फोटो उघडले आणि बोटाने सरकवत राहिला. मग थांबला. पुन्हा सरकवले. भिंग कपाळावर चढवून आमच्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हा कोणाचा मोबाईल आहे? ना पोरांचा फोटो, ना शादीचा. धान, धान, खाली धान! बाबा, एवढे फोटो तर माझ्या मुलीच्या शादीत नाय काढले."

तो हसला, वैशाली हसली. मीही हसत वाकून बघितलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

भात सुरेख होतं. भरलेली, वाकलेली लोंबी, एका रांगेतले रोपांचे चूड. पण एका फोटोत मागे जांभळाचं झाड होतं. दुसऱ्या फोटोतही तेच झाड, जरा डावीकडून. तिसऱ्यात त्याच झाडाची सावली. मी फोन हातात घेऊन सगळे फोटो बघितले. एकाच तुकड्याचे होते ते सगळे.

येताना अंबरनाथला तिने मला मुद्दाम शिवमंदिर दाखवायला नेलं. इतकं जुनं, इतकं कोरीव देऊळ, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून जांभळाच्या झाडाचा विचार करत होते. शेवटी पायऱ्यांवर बसल्यावर तिला विचारलं, "ठमीचं शेत किती तुकड्यांत आहे?"

"सात खाचरं आहेत. का गं?"

"उद्या बघू," मी म्हणाले.

शुक्रवार, वांगणीच्या पुढे

एकसष्टाव्या वर्षी स्कूटीवर मागे बसून, मांडीवर लोखंडी खुंट्या घेऊन केलेला हा प्रवास मी विसरणार नाही. वांगणी सोडेपर्यंत दोन्ही बाजूंना नव्या इमारती, स्वस्त घरांच्या पाट्या, पुढे फार्महाऊसची बंद फाटकं. फाटकाआड निळे पोहण्याचे तलाव, माणूस एक नाही. मग डांबर संपलं, आणि एका वळणावर पिवळं भात समोर आलं. सोयाबीन पिवळं पडतं तेव्हा रान उदास दिसतं. हे पिवळं वेगळं होतं. मी वैशालीला स्कूटी थांबवायला लावली आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिले.

ठमी दारातच उभी होती. काटक, ठेंगणी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. "आलीस? बस. च्या घेतेस ना?" मला ती पहिल्या शब्दापासून तू म्हणाली. आमच्याकडे सून सासूला अहो म्हणते आणि साहेब लोकांना तर कोणी नावानेही बोलावत नाही. मी क्षणभर चपापले. मग कळलं, इथे सगळ्यांनाच तू. तासाभराने मला त्याचं फार बरं वाटायला लागलं.

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि बांधावरची काकडी, असं जेवण झालं. ठमीचा नवरा लक्ष्मण हा कमी बोलणारा माणूस, जेवून उठला आणि कामाला लागला. दोन्ही मुलं शाळेत गेली होती. सासू बुधीबाई दाराशी सूप पाखडत बसली होती. ती माझ्याहून एकच वर्षाने मोठी, पण हाताच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या. ठमीने नव्या काचेचा मोबाईल सुरू केला तसा आतून बाईचा आवाज आला, "नमस्कार. कृपया आपले शेत निवडा."

"आली बया," बुधीबाई म्हणाली. "ही कदी चिखलात उतरली का इचार तिला. उबं पीक मोजू नये. खल्यावर आलं मंगच आपलं."

"आये, तू गप ऱ्हा," ठमी हसत म्हणाली. मग मला सांगू लागली की या बाईमुळे तिला दशांश चिन्ह कळलं. चौदा पूर्णांक दोन दशांश म्हणजे किती, ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, शेतात कळलं.

मी शेत बघायला मागितलं. फोटो कुठे काढलेस ते दाखव म्हटलं. ती भराभरा पुढे निघाली, मी बांधावरून तोल सावरत मागे. एका ठिकाणी पाय सरकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. चप्पल आतच राहिली, ती मागून आलेल्या लक्ष्मणने हात घालून काढली. ठमी थेट वरच्या दुसऱ्या खाचरात, जांभळाखाली जाऊन उभी राहिली. लोंब्या तिच्या कमरेला लागत होत्या.

"हे बग!" तिचा चेहरा असा फुलला होता!

वैशालीचा चेहरा मात्र उतरला. "अगं ठमी, पाच ठिकाणचे फोटो काढायला सांगितलं होतं ना मी?"

"पाच ठिकानचेच काढले. हितं, हितं, हितं, आनि त्या दोन कोपऱ्यांत."

"म्हणजे सगळे या एकाच खाचरात?"

"मंग?" ठमीला आमचा प्रश्नच कळेना. "आजवर कोनी आमाला इचारलं नाय, तुमचं पीक दाखवा. ही बाई पयली. तिला वंगाल दाखवू? पोरीला बगायला पावने आले त तिला फाटक्या लुगड्यावर उबी करतेस का तू?"

मी बांधावर टेकले. ज्यांनी खात्यात नोकरी केलेली नाही त्यांना हा धक्का कळायचा नाही. आमच्याकडे पीक बघायला माणूस आला की शेतकरी त्याच्या हाताला धरून सगळ्यांत भिकार कोपऱ्यात नेतो. उत्पन्न कमी दिसलं पाहिजे, विमा मिळाला पाहिजे, दुष्काळ जाहीर झाला पाहिजे. त्यात त्यांचं चुकतं असंही मला कधी वाटलं नाही. पण माझ्या सगळ्या नोकरीत एकाही माणसाने मला आपणहून आपलं चांगलं पीक दाखवलं नव्हतं. या वाडीच्या बांधावर कधी कोणी फिरकलंच नाही. मग कोणीतरी विचारलं, तर यांनी पाहुण्यासमोर घरातलं सगळ्यांत चांगलं ठेवलं. त्या चांगुलपणावरच चौदाचा आकडा निघाला होता, आणि त्या आकड्यावर एक बाई दहावीला बसणार होती.

मी तिला जवळ बसवून समजावलं. मोबाईलला सातही खाचरं माहीत नाहीत. तू जे दाखवशील त्यालाच तो पूर्ण एकर समजतो. म्हणून आमच्यात नियम असा की जागा आपण निवडायची नाही, आकड्याने निवडायची. आकड्याला दयामाया नसते आणि लबाडीही नसते.

ती ऐकत होती. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला. मग म्हणाली, "मंग तुज्या दोरीनं मोज."

मी पर्समधून दहाची नोट काढली. तिच्या नंबरातल्या आकड्यांवरून खाचर ठरवायचं, किती पावलं लांब आणि किती आडवं जायचं तेही ठरवायचं. एका चौकोनावर भरवसा नको म्हणून तीन काढायचे ठरवले. पहिला आकडा निघाला सात. सातवं खाचर म्हणजे अगदी खालचं, ओढ्याकाठचं. तिथे गेलो तर रानडुकरं लोळून गेलेली, भात आडवं, मध्ये पाणी साचलेलं. उरलेल्या लोंब्याही अर्ध्या पोचट, दाणा न भरलेल्या.

मी त्या खाचराकडे बघितलं, ठमीकडे बघितलं, आणि जे मी नोकरीत कधी केलं नव्हतं ते करायला निघाले. "थांब," मी म्हणाले, "दुसरी नोट काढते."

"का? नंबर चुकला?"

"चुकला नाही, पण..."

"मंग? आताच बोललीस, आपन निवडायचं नाय. आता तूच निवडतेस?" ती माझ्याकडे बघत राहिली. "माज्या पेपरला कोनी कापी दिली त मी घेवू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नोट पर्समध्ये टाकली आणि खुंटी ठोकली.

चौकोन आखून झाला, ठमीने विळा घेतला, तेवढ्यात वरच्या बांधावरून बुधीबाईची हाक आली. "विला लावू नको! नवं झालं नाय अजून!"

नव्या पिकाचा पहिला मान देवाचा. तो दिल्याशिवाय उभ्या भाताला विळा लावत नाहीत, आणि हे वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ठरल्या दिवशी करायचं असतं. झालं, मला वाटलं, संपलं सगळं. लक्ष्मण मान खाली घालून उभा. बुधीबाई चिखल तुडवत खाली आली. तिने सुतळी बघितली, खुंट्या बघितल्या, आणि मग बराच वेळ सुनेचं तोंड बघितलं. तिने पाच लोंब्या खुडल्या, बांधावरच्या दगडावर ठेवल्या, हात जोडून पुटपुटली. मग स्वतः विळा उचलून ठमीच्या हातात दिला.

"लाव. देवाला सांगितलंय, पोरीचा पेपर हाय."

शनिवार

तिन्ही चौकोनांचं भात झोडून वेगवेगळ्या ताडपत्रीवर वाळत घातलं. ओल्या दाण्याचं वजन फसवं असतं, म्हणून आम्ही वाडीतच मुक्कामाला थांबलो. ठमी मोबाईल घेऊन पुन्हा शेतात गेली आणि या वेळी सातही खाचरांचे फोटो काढून आली, डुकरांनी लोळवलेल्याचेसुद्धा. तिचं बघून वाडीतल्या आणखी तीन बायका नव्याने फोटो काढायला आपापल्या शेतात परत गेल्या. जाताना त्या हसत नव्हत्या.

दुपारी ती माझ्यासमोर बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसली. दोन समीकरणं मी समजावली, तिसरं तिने माझ्याआधी सोडवलं. मी पाठ थोपटली.

रविवार

सकाळी तोललं. ओढ्याकाठचा चौकोन सात किलो. दुसरा साडेबारा. तिसरा चौदाला थोडा कमी. सरासरी अकराच्या जरा वर. एकरात असे एक्याऐंशी चौकोन बसतात. मी गुणाकार केला, मग परत केला, मग ठमीने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः केला.

"नऊ," ती म्हणाली.

तिने मोबाईल उघडला. नव्या फोटोंवरून त्या बाईने सांगितलं, "आपले अंदाजे उत्पादन साडेनऊ क्विंटल." मी लातूरहून ज्याचं पितळ उघडं पाडायला आले होते, तो मोबाईल माझ्याइतकाच खरा निघाला. हा धक्का पचवायलाही मला वेळ नव्हता. चौदा गेले होते. बाराही नव्हते. आणि मुकादम तासाभरात यायचा होता.

कोणी रडलं नाही. ठमीने वहीचं मागचं पान उघडलं.

"पाच मानसं, बारा महिनं, साठ," ती मोठ्याने म्हणाली. "साठाला बारा क्विंटल. मंग नवाला पंचेचालीस. पंधरा कमी पडतात." पेन्सिल चावत ती थांबली. "दोन मानसं सात महिनं घरात नाय जेवली त चौदा वाचतात. एक ऱ्हायला, तो नाचनीवर काढता येल."

मी त्या पानाकडे बघत होते. आमच्या खात्यात एवढ्या अहवालांवर सह्या केल्या, पण क्विंटलला असं माणसांनी आणि महिन्यांनी भागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी जातो," लक्ष्मण म्हणाला. दोन दिवसांत त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. "तू ऱ्हा. पेपर दे."

"एकट्याला घेत्यात का?" ठमी म्हणाली. वैशालीने मला हळू आवाजात सांगितलं की भट्टीवर जोडीच लागते. एकाने चिखल करायचा, एकाने साच्यात वीट पाडायची. एकट्या गड्याचं नाव मुकादम लिहीतच नाही.

ठमीने वही मिटली. "पुढल्या वर्साला बी परीक्षा येल," ती वैशालीला म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मला त्या सुतळीचा, त्या खुंट्यांचा, स्वतःच्या हुशारीचा इतका राग आला की काय सांगू. मी आलेच नसते तर? चौदावर विश्वास ठेवून ती राहिली असती, परीक्षा झाली असती. आणि त्यानंतर कधीतरी तांदळाचा डबा रिकामा झाला असता, तेव्हा भट्ट्या भरून गेलेल्या असत्या. हेही मला दिसत होतं, तरी राग जाईना.

मुकादम मोटरसायकलवरून आला. ओसरीवर टेकला, पाणी प्यायला, डायरी काढली. "लक्ष्मन, जोडी ना? गेल्या सालासारखी?"

लक्ष्मणने ठमीकडे बघितलं. ठमी राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली आणि बोलायला तोंड उघडलं.

"लिव," मागून बुधीबाई म्हणाली. "लक्ष्मन आनि बुधी."

मुकादम हसला. "म्हातारे, तुला झेपल का?"

"तुज्या बापाच्या टायमाला तुमची भट्टी कोनी थापली? तवा तू लंगोटीत व्हतास. लिव."

ठमी काही बोलायला गेली, तर बुधीबाईने हातानेच तिला थांबवलं. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, "अहो बुधीबाई, या वयात?" ती माझ्या वयाची. मला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, गुडघे दुखतात म्हणून मी देवळाच्या पायऱ्याही मोजून चढते.

ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. "दोन तोंडं कमी करायचीत ना गो? तुज्याच दोरीनं निगालं ते. पोरं अजून बारकी हायत. पोरीचा पेपर हाय. मंग ऱ्हायलं कोन? तूच भागून दाव."

मी आयुष्यभर नऊ लिहिलं, सात लिहिलं, अकरा लिहिलं आणि वर पाठवलं. तो आकडा खाली कुठल्या उंबऱ्यातून आत शिरतो आणि आत कोणाला बाहेर काढतो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

मुकादमाने पेन टेकवला. "नाव बुधी. वय?"

"पन्नास," बुधीबाई म्हणाली.

"आये, बासष्ट हाय तुजं!" ठमीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आधार कार्डावर..."

"गप," बुधीबाई म्हणाली. "खरं सांगायचं ते तुज्या मोबाईलला. ह्याला पन्नासच लिवू दे."

मुकादमाने खात्री करायला माझ्याकडे बघितलं. ओसरीवर लिहितावाचता येणारी, सरकारी नोकरी केलेली मी एकटी मोठी बाई होते. खोटा आकडा दिसला की त्यावर लाल रेघ मारण्यात माझी हयात गेली.

"पन्नासच्याच असतील," मी म्हणाले, आणि त्याने लिहिलं.